रविवारचं पुरळ

गिरिधरनं आईची दोन्ही मनगटं खिडकीपाशी नेऊन पाहिली आणि त्याचं तोंडच उतरलं. लाल चट्टे. पुन्हा!

"परवापर्यंत काहीच नव्हतं, दादा," जया म्हणाली. जया म्हणजे त्याची धाकटी बहीण, गांधीबागेत तिसऱ्या माळ्यावर राहणारी. "काल रात्री खाजवून राहिली होती. सकाळी पाहिलं तं हे असं."

"दुखते का आई?"

"दुखत नाही रे. खाजते जराशीक," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "तू चहा घे आधी."

चहा कसला घेतो! गाडी खाली अर्धी रस्त्यात उभी करून तो आईला न्यायला आला होता. हा तिसरा रविवार.

सगळ्या भानगडीचं मूळ गाजर गवत. गिरिधरचं घर बेशाकडच्या एका ले-आउटमध्ये, शेजारचा प्लॉट रिकामा, आणि रिकाम्या प्लॉटवर काय उगवतं ते नागपुरात कोणाला सांगायला नको. पावसाळ्यात ते कंबरेएवढं झालं. रुख्मिणीबाई सकाळच्या उन्हात कुंपणापाशी मेथी निवडत बसायच्या. आधी मान लाल झाली, मग पापण्या सुजल्या, मग मनगटं. डॉक्टर म्हणाले, "यांना ह्या गवताची हवासुद्धा बाधते. पान हाताला लागलं की एक-दोन दिवसांत पुरळ उठलंच समजा, आणि उन्हानं आणखी भडकतं. काही दिवस यांना तिथून हलवा."

हलवायचं कुठं? तर जयाकडे. तिची गल्ली इतकी अरुंद की ऊनसुद्धा वाट काढत येतं. गवत तर औषधालाही नाही.

रुख्मिणीबाईंनी तेव्हा केवढा आकांत मांडला होता. "लेकीच्या घरी राहू? लोकं शेण घालतीन तुया तोंडात!" गिरिधरनंच हातापाया पडून त्यांना पाठवलं, आणि लोकांनी खरंच घातलं. शेजारचे दत्तोपंत रोज फाटकाशी उभे. "काहून गा, मायले लेकीकडं टाकून देलं म्हणते?" काळजात सुरी फिरल्यासारखं व्हायचं त्याला.

मग तो पेटूनच उठला. हातमोजे चढवून, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून त्यानं अख्खा प्लॉट मुळासकट उपटून काढला. पाऊस पडला की गवत परत यायचं, हाही परत भिडायचा. आता तर चार पानांचं रोपटं असलं तरी तो लांबून ओळखायचा. अंगणात फरशी घातली. त्याच्या बायकोनं, रितिकानं, सासूबाईंच्या खिडकीला बारीक जाळी बसवली. दोघंही नोकरीवाले, सकाळी नऊला कुलूप लावून बाहेर ते संध्याकाळी सातला आत. सगळ्या सुट्ट्या यातच गेल्या.

आणि आईचं पुरळ गेलंही. पण गंमत पाहा. शुक्रवारी फोन करून सांगावं, "आई, रविवारी येतो न्याले," की रविवारी मनगटं लाल. पहिल्यांदा वाटलं, योगायोग. दुसऱ्यांदा डॉक्टरांनी मलम बदलून दिलं.

"मागच्या वेळी तुया कपड्यावरून आलं असन," जया म्हणाली. "दमानं घे ना जरा."

"दिवाळी आठ दिवसावर आली, जया. माय घरी नसन तं दिवाळी कशाची?"

रुख्मिणीबाईंचे डोळे भरून आले. "मी काय हौसेनं बसली का रे इथं?" असं म्हणून त्यांनी घाईघाईनं सुईत दोरा ओवायला घेतला.

तेवढ्यात दारात तीन-चार बायका आल्या, हातात साड्यांच्या पिशव्या. जया घरीच पिको-फॉलचं काम करायची. पण या बायका थेट रुख्मिणीबाईंकडेच वळल्या.

"काकू, माया फॉल झाला का?"

"झाला वं. पण तुया नवऱ्यानं साडी आणली का पडदा? सुई जात नाही त्यात!"

सगळ्या हसल्या. सगळ्यांत मोठ्यानं आई हसली. तिला असं हसताना शेवटचं कधी पाहिलं, गिरिधरला आठवेना. जयानं चहाचा कप त्याच्या हातात दिला. तो हातातच थंड होत गेला.

फोन वाजला. रितिका होती. या गोंधळात काही ऐकू येईना, म्हणून तो गॅलरीच्या दाराकडे वळला.

"दादा, तिकडं नको जाऊ, कबुतरायनं घाण करून ठेवली," जया स्वयंपाकघरातून ओरडली. "इथंच बोल ना!"

पण तोवर तो बाहेर पडला होता.

"निघाले का तुम्ही?" रितिका विचारत होती. "मी पुरण शिजवून ठेवलं. आईंना आवडते म्हणून."

गॅलरी लख्ख झाडलेली होती. कबुतराचं एक पीसही नव्हतं. कठड्यापाशी हातभर उन्हाचा पट्टा पडला होता आणि बरोब्बर त्या पट्ट्यात एक कुंडी सरकवून ठेवलेली होती. माती ओली. शेजारी अर्धा भरलेला तांब्या. रोप कलू नये म्हणून कोणीतरी त्याला फॉलच्या दोऱ्यानं काडीचा आधार दिलेला. गिरिधर खाली वाकला. गाजर गवत होतं.

"हॅलो? येऊन राहिल्या ना आई?"

आत पुन्हा हशा उसळला.

"नाही वं," गिरिधर म्हणाला. "पुरळ यावेळी जास्तच आहे." आणि तांब्यातलं उरलेलं पाणी त्यानं हळूच कुंडीत ओतलं.