टाळ्यांची तालीम

"मौन काढून टाका," धाकटे साहेब म्हणाले.

कॅप्टननं मान वर केली नाही. टेबलावर सभागृहाचा नकाशा पसरला होता आणि ती पेन्सिलीनं खुर्च्यांच्या रांगांवर खुणा करत होती. कंपनीचं वार्षिक अधिवेशन दर वर्षी तीच पार पाडायची. लाइटवाल्यापासून संचालकांपर्यंत सगळ्यांना एकाच आवाजात कामाला लावायची, म्हणून सगळे तिला कॅप्टन म्हणत. साहेबसुद्धा.

"कुठलं मौन?"

"उगाच न कळल्यासारखं करू नका. सुरुवातीलाच बॉयलरदादासाठी ठेवलंय ते."

बॉयलरदादा म्हणजे रंगखात्यातला बॉयलर सांभाळणारा. वयानं फार मोठा नव्हता, पण सगळा कारखाना त्याला दादाच म्हणायचा. उन्हाळ्यात बॉयलर फुटला आणि तो जागच्या जागी गेला. व्हॉल्व्ह बदला म्हणून त्यानं किती वेळा कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत कुणी नव्हतं.

"ते राहणार," कॅप्टन म्हणाली.

"बाहेरून खरेदीदार येतायत. त्यांच्यासमोर सुतकी चेहरे नकोत. शिवाय चौकशी चालू आहे. वकील म्हणतात, त्याचा उल्लेखच नको."

"त्यांचा उल्लेख नको असेल तर कार्यक्रमासाठी दुसरं कुणी बघा."

"बघेन की. अधिवेशनं भरवणारे पैशाला पासरी मिळतात. मी तर तुम्हाला यंदा सुट्टीच घ्या म्हटलं होतं."

"बघा. आणि खांबाजवळ गेला की आपला माइक शिट्टी का मारतो, तेही त्यांनाच विचारा."

साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. कॅप्टननं नकाशाची गुंडाळी केली, काखेत मारली आणि ती निघाली. दार आपटलं नाही, सताड उघडं ठेवलं. बाहेरच्या कारकुनांनी सगळं ऐकलं होतं. दुपारपर्यंत कारखानाभर झालं, कॅप्टननं साहेबांना तोंडावर सुनावलं. कँटीनमध्ये ती शिरली तेव्हा रांगेतल्या लोकांनी बाजूला सरकून तिला वाट दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपण होऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

"मौन काढलं."

साहेबांनी खुर्चीत अंग सैल सोडलं. "शहाण्या आहात. मला वाटलं, भावनेच्या भरात काहीतरी करून बसाल."

"पत्रिका छापायला गेली. त्यांचं नाव कुठेच नाही."

"छान. आणि माझ्या भाषणानंतर टाळ्या दणदणीत हव्यात बरं का. मागच्या वर्षी नुसती फटफट झाली."

"टाळ्यांचं माझ्याकडे लागलं. खात्याखात्यात जाऊन तालीम घेते."

साहेब खो खो हसले. "टाळ्यांची तालीम! कमाल आहे तुमची."

ही बातमीही पसरायला वेळ लागला नाही. कॅप्टनची नणंद पॅकिंगमध्ये होती. जेवणाच्या सुट्टीत तिनं जिन्यातच वाट अडवली.

"वहिनी, दादाचं नाव काढलंत?"

"काढलं."

"कुणी हात धरला होता का तुमचा? काल तर केवढ्या ताठ होतात!"

"जेवलीस का?"

"जेवण गेलं खड्ड्यात! बाकीच्यांचं सोडा, तुम्हीसुद्धा? त्या माणसापुढे मान तुकवलीत?"

"आवाज खाली घे. संध्याकाळी तुमच्या खात्याची तालीम आहे. थांब."

"मी टाळ्या वाजवणार नाही. सांगून ठेवते."

"बरं," कॅप्टन म्हणाली आणि जिना उतरून गेली.

मग ती शिलाईत गेली, गोदामात गेली, हिशेबनिसांकडे गेली. आत गेली की दार लावून घ्यायची. रंगखात्यात ती सगळ्यात जास्त वेळ थांबली. साहेबांच्या सेक्रेटरीनं तक्रार केली, बाई कुणाला आत डोकावू देत नाहीत. साहेब म्हणाले, असू दे, काम चोख होतंय ना.

नणंद त्या संध्याकाळी तालमीला थांबली. बाहेर आली तेव्हा तिनं वहिनीच्या हातातली फुलदाण्यांची जड पेटी काढून घेतली आणि स्वतः उचलून नेली.

अधिवेशनाच्या दिवशी सभागृह लखलखत होतं. खरेदीदार पहिल्या रांगेत होते, मंचावर संचालक होते आणि मधोमध साहेबांचे वडील, मोठे मालक, काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. कार्यक्रम घड्याळाबरहुकूम चालला. माइकनं एकदाही शिट्टी मारली नाही.

साहेब छान बोलले. प्रगतीवर बोलले, नव्या यंत्रांवर बोलले. "ही कंपनी नाही, हे कुटुंब आहे," असं म्हणून त्यांनी भाषण संपवलं, दोन्ही हात थोडे पसरले आणि हसत उभे राहिले.

टाळी वाजली नाही.

एका खरेदीदारानं हात उचलले, मागे वळून पाहिलं आणि हळूच खाली घेतले. मागे कुठेतरी खुर्ची सरकली. रंगखातं उभं राहिलं. त्यामागोमाग शिलाई, गोदाम, पॅकिंग. बघता बघता सगळं सभागृह उभं होतं, माना खाली. खरेदीदार आपापसांत काही कुजबुजले आणि तेही उठले.

"हे काय चाललंय?" साहेब म्हणाले, पण माइक बंद झाला होता. त्यांचे नुसतेच ओठ हलले. मोठे मालक काठीवर भार देऊन उठले आणि त्यांनीही मान खाली घातली. मान ताठ असलेला एकच माणूस उरला.

बऱ्याच वेळानं माइकमध्ये जीव आला. कॅप्टन मंचाच्या पायऱ्या चढली. शेवटचे दोन शब्द दर वर्षी तिचेच असत. साहेब बाजूला झाले, दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच.

तिच्या हातात कागद नव्हता. तिनं माइक आपल्या उंचीला खाली केला, सभागृहाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

"माझ्या नवऱ्याच्या वतीनं," ती म्हणाली, "तुम्हा सगळ्यांचे आभार."