तीन उशा

परीक्षेच्या उजळणीला मेडिकल कॉलेजात दिवंगत रुग्णांनी दान केलेल्या बोलत्या छबी असत. शेवटच्या आजारातलं सारं त्या सांगत, पण माणसं ओळखत नसत. आज सोयरासमोर तिच्या वडिलांची, केशवबुवा कीर्तनकारांची छबी आली.

“या, माउली.”

तिनं वही उघडली. “बुवा, झोपताना उशा किती लागतात?”

“पूर्वी एक. आता तीन. आडवं पडलं की जीव घुसमटतो.”

हृदय थकल्याची खूण. घरी त्या तीन उशा तिनंच कितीदा झटकून ठेवल्या होत्या.

“घरी बोललात?”

“लेक डॉक्टरकी शिकतेय. तिची परीक्षा होऊ दे, मग सांगू.”

तिनं निदान लिहिलं. ते अचूक निघालं.

“किती मायेनं विचारलंत, माउली,” बुवा म्हणाले.