एकाच गोदीतल्या बहिणी

आता एकमेकांशी लढणाऱ्या दोन्ही देशांनी आपापल्या पाणबुड्या एकाच परदेशी गोदीतून घेतल्या होत्या, आणि दोन्हीकडच्या खलाशांना शिकवलंही एकाच म्हाताऱ्या उस्तादाने. पाणबुडीत अडकलेल्यांनी आतून तीनदा ठोकायचं, आणि ऐकणाऱ्याने 'धीर धरा, येतोय' म्हणून लगेच दोनदा. चुकलं की उस्ताद पान्याने बोटं फोडून काढायचा. म्हणायचा, "हे डोक्यात नको, हाडात मुरू दे!"

आज त्यांतल्याच एका पाणबुडीचा टॉर्पेडो दुसरीच्या वर्मी बसला. सगळे ज्याला कानसेन म्हणत, तो मारणाऱ्या पाणबुडीत पाण्यातले आवाज टिपायला हेडफोन लावून बसला होता. शत्रूच्या पाणबुडीचं पोलाद टराटरा फाटलं, आतली दारं एकेक करून फुटली आणि ती धाडकन तळाला आदळली, ते सगळं त्याने ऐकलं. मग जरा शांत झालं आणि खालून आवाज आला... टक, टक, टक.

"आहे का रे कुणी जिवंत?" मागे उभ्या कॅप्टनने विचारलं. तोही त्याच उस्तादाचा चेला, बोटं अजून वाकडीच. "एक जरी वाचला तरी आपला ठावठिकाणा सांगेल. असला कुणी, तर दुसरा टॉर्पेडो सोडतो."

कानसेनने मान हलवली. "नाही साहेब. सगळं थंड झालंय."

कॅप्टनची नजर मात्र कानसेनसमोरच्या टेबलावर खिळली होती.



कानसेनचं बोट त्यावर केव्हाच, आपसूक, दोनदा वाजून गेलं होतं.