थंब

"थंब," हेडक्लार्क म्हणाले.

रजिस्ट्री ऑफिसातून आलेल्या कारकुनाने टेबलावर कागद पसरले होते, शाईचा पॅड उघडून ठेवला होता. त्याने पेन थांबवलं आणि हेडक्लार्कांच्या बायकोकडे पाहिलं. आठ महिन्यांत सगळ्यांना ही सवयच लागली होती. हेडक्लार्क बोलायचे आणि लोक अर्थ विचारायला तिच्याकडे बघायचे.

मेंदूत गुठळी झाली त्या दिवशी त्यांची उजवी बाजू गेली आणि भाषाही गेली. समजायचं सगळं. डोक्यात वाक्यं अगदी तयार, ऑफिसच्या पत्रासारखी मुद्देसूद. तोंड उघडलं की मात्र एकच बाहेर पडायचं, थंब. डॉक्टर म्हणाले, असं होतं, आयुष्यभर घोकलेला एखादा शब्द तेवढा मागे राहतो. अहो, राहायचंच होतं तर देवाचं नाव राहायचं, बायकोचं राहायचं. राहिलं काय, तर थंब! पण त्यालाही कारण होतं. छत्तीस वर्षं त्याच रजिस्ट्री ऑफिसात हेडक्लार्कांनी लोकांचे अंगठे घेतले होते, आणि ऑफिसात 'अंगठा' म्हणायला त्यांची सक्त मनाई होती. अंगठा म्हटलं की समोरचा माणूस ओशाळतो, आपल्याला अंगठाबहाद्दर म्हणतायत असं त्याला वाटतं. इंग्रजीत म्हटलं की बिचाऱ्याची लाज झाकली जाते. म्हणून मग 'थंब द्या', 'थंब पुसट आलाय', 'आजोबा, थंब जरा सैल सोडा'. दिवसातून शंभर वेळा.

घरी बायकोने त्या एका शब्दाचा अख्खा कोश तयार केला होता. लांबवला तर पाणी हवंय. दोनदा घाईघाईने म्हटला तर लघवीला जायचंय. कुरकुरत म्हटला तर खिडकी लाव, डोळ्यांवर ऊन येतंय. आणि हनुवटी वर करून तोडून म्हटला, तर नाही. मुलगा विचारायचा, आई, तुला कळतं तरी कसं? ती म्हणायची, शब्द होते तेव्हा तरी हे कुठे भरभरून बोलत होते?

आजचा प्रश्न घराचा होता. हे दोन खोल्यांचं घर विकायचं, बाबांना शुश्रूषागृहात ठेवायचं आणि आईला आपल्याबरोबर दुसऱ्या शहरात न्यायचं, असं मुलाने ठरवलं होतं. मुलगा वाईट नव्हता, तेच तर अवघड होतं. वाईट असता तर मनातल्या मनात शिव्या तरी घालता आल्या असत्या. चव्वेचाळीस वर्षं एका छपराखाली काढून आता दोघं दोन गावांत मरणार, हेडक्लार्कांना एवढंच दिसत होतं. आणि घर त्यांच्या नावावर, म्हणजे त्यासाठी थंब त्यांनीच द्यायचा.

आशा होती ती या कारकुनाची. त्याला हेडक्लार्कांनीच तयार केलं होतं. माणसाची मर्जी नसेल तर थंब घ्यायचा नाही. तीनदा विचारायचं. त्याला बोलता येत नसेल, तर घरात ज्याला त्याचं कळतं त्याला विचारायचं, आणि उत्तर जसंच्या तसं नोंदवायचं. आता त्याचेही केस पिकले होते, पण शिस्त सुटली नव्हती. त्याने खुर्ची पुढे ओढली.

"साहेब, हे घर विकायला तुमची मर्जी आहे?"

"थंब."

तोडून. हनुवटी वर. डावी मूठ मांडीवर घट्ट आवळलेली, अंगठा आत. इतकं स्वच्छ 'नाही' हेडक्लार्क बोलता येत असतानाही कधी म्हणाले नव्हते. त्यांचा जीव भांड्यात पडला. आता ही सांगेल आणि विषय संपेल.

"वहिनी, काय म्हणतायत?"

ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही. ती शाईच्या पॅडकडे बघत होती.

"हो म्हणतायत," ती म्हणाली.

हेडक्लार्कांना आधी वाटलं, आपलंच ऐकण्यात काहीतरी चुकलं. मग कारकुनाने कागदावर पेन टेकवलं. थंब, ते ओरडले. थंब, थंब, थंब! खोटं बोलतेस, इकडे बघ, माझ्याकडे बघून बोल, सगळं सगळं त्यात होतं. कारकून दाराशी उभ्या मुलाला समजुतीच्या सुरात म्हणाला, होतं असं, घर म्हटलं की माणूस हळवा होतो. त्याने दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदाही विचारलं, नियमाप्रमाणे. तिने तिसऱ्यांदाही हो सांगितलं.

मग टेबलाला धरत, कण्हत ती त्यांच्यापाशी खाली बसली आणि त्यांची मूठ एकेक बोट करून उघडायला लागली. तिच्या हातांचे सांधे सुजून टम्म झाले होते, उजव्या मनगटाला पट्टी होती. हेडक्लार्क बघतच राहिले. आठ महिने हे हात त्यांना उठवत होते, बसवत होते, धुवत-पुसत होते, रोज कूस बदलून देत होते. या हातांकडे त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं.

मुठीतला जोर आपोआप गेला. शाई लागली. कागदावर ठसा उमटला, ठळक, एकही रेघ तुटलेली नाही.

"थंब," हेडक्लार्क म्हणाले. अगदी हळू. आता त्यात राग नव्हता. इतकी दमलीस, मग आधी का नाही गं बोललीस, एवढंच होतं.

तिने मान वर केली नाही. पदराने ती त्यांच्या अंगठ्याची शाई पुसत राहिली.

कारकुनाने पुन्हा पेन उचललं. "आता काय म्हणाले, वहिनी? नोंदवावं लागेल."

"ते नका लिहू," ती म्हणाली. "ते मला म्हणाले."