अकरावी खिडकी

बंदरावरच्या जुन्या जहाज कंपनीच्या दगडी इमारतीचा नकाशा नव्या पोरीने काढला आणि साहेबांनी चारचौघांत तिची पाठ थोपटली. ऑफिसात वीस वर्षं नकाशे काढणाऱ्या जुन्या ड्राफ्ट्समनच्या पोटात दुखू लागलं. त्याची पाठ कधी कुणी थोपटली नव्हती.

मग त्याला चूक सापडली. पोरीने तिसऱ्या मजल्यावर अकरा खिडक्या दाखवल्या होत्या. त्याने साहेबांना आणि पोरीला इमारतीसमोर रस्त्यावर उभं केलं आणि बोट फिरवत खिडक्या मोजल्या. दहाच भरल्या.

"साहेब, हिला धड मोजतासुद्धा येत नाही!"

"मी आतून मोजल्यात, सर," पोरगी म्हणाली. "वर जाऊन बघा ना."

तो तरातरा जिना चढला आणि एकेक खिडकी उघडत निघाला. दहावीनंतर इमारत संपायला हवी होती; तिथे आणखी एक खिडकी होती. त्याने तीही उघडली आणि खाली वाकून पाहिलं.

रस्त्यावर साहेब होते, पोरगी होती, आणि त्यांच्या शेजारी तो स्वतः उभा राहून बोट फिरवत मोजत होता. बोट दहाव्या खिडकीवर थांबलं.

"दहाच की! शाबास," म्हणत साहेबांनी त्याची पाठ थोपटली.

वर उभ्या असलेल्याच्या अंगाचा आधी तिळपापड झाला. घाबरायचं त्याला नंतर सुचलं.