उपासाची ओवी

आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, माझ्या ओव्या खपत नसत. "तोंड मिटून दळ," म्हणायच्या. म्हणून त्या देवळात गेल्या की मी शेजारच्या उमाबाईंच्या जात्यावर बसून ओव्या रचायची.

उमाबाई अंबाजोगाईच्या जत्रेला निघाल्या. गाडीत माझीही जागा धरली होती. आत्याबाई म्हणाल्या, "तू कावून? देवीला तुझ्यावाचून करमत न्हाई का?" आणि माझ्या जागेवर स्वतः चढून बसल्या.

परतल्या त्या डोळे पुसतच. "निजामाच्या साऱ्या मोगलाईतल्या बाया जमल्या व्हत्या. उमाबाईनं एक ओवी म्हणली गं! 'सासू मोजिते माझे घास, उरल्या भुकेला म्हणते उपास.' लई रडले बघ. माझ्या सासूनं माझं आस्संच केलं व्हतं. कुण्या पोरीनं रचली, ते काई उमाबाई सांगंना. पण त्या पोरीला छळणाऱ्या सासूची जीभ झडंल, जीभ!"

 

मी देवापुढची वात सारखी केली आणि हळूच म्हणाले, "आत्याबाई, देवी तुमचा शब्द खरा करो."