तापातून उठलेल्या गाईचा चीक

“तापातून उठलेल्या गाईचा चीक घरात कोणी तोंडाला लावायचा नाही. वस्तीत जे कोवळं वासरू असेल, त्याच्या पोटात गेला पाहिजे. दे वचन.” सासूबाईंनी मरताना हात धरला होता. नोलारीनं वचन दिलं होतं.

आज सकाळी दोन गाई व्याल्या. एक तिची बुटकी तांबडी. कानांची टोकं गोचिडींनी खाल्लेली. लहानपणी गोचीडतापानं आठ दिवस आडवी पडून पुन्हा उठलेली. दुसरी तिच्या नवऱ्यानं, सिरोंकानं, थंड डोंगरावरच्या फार्मातून आणलेली, हत्तीएवढी.

नोलारी तांबडीच्या कासेशी बसली. दोन सड वासराचे, दोन घराचे. घराच्या सडांचा चीक तिनं तुंब्यात काढला. पिवळाधमक, दाट.

सिरोंका काठी टेकत आला. “मित्र येऊन बसलेत. आण तो चीक.”

“हा तुमच्या वासराला.”

“नाइसुलाची आई, वेड लागलं का? माझं वासरू या बुटकीचा चीक पिणार? त्याची आई बादली भरून देते! जन्मात एक गोचीड शिवलेली नाही माझ्या गाईला.”

“म्हणूनच तर. तिच्या चिकाला तापाची ओळखच नाही. गेल्या खेपेचं तिचं वासरू तापानं गेलं, तरसांची मेजवानी झाली, विसरलात? या तांबडीची तापाशी झुंज देऊन झालीय. त्या झुंजीचं बळ आजच्या चिकात आहे. उद्या काय, नुसतं दूध.”

“गाय माझी, वासरू माझं!” काठी वर गेली.

“गाय तुमचीच. दूध कुणाचं, ते मित्रांना विचारून या.”

झाडाखाली बसलेल्यांपैकी कुणीतरी खो खो हसलं. दूध बाईचं, आणि बाईच्या तुंब्याला पुरुष हात लावत नाही, हे त्यांना काय सांगायचं!

नोलारी उठली. चार थेंब आभाळाकडे उडवून तिनं एन्काई देवाचं नाव घेतलं. मग वाकून मूठभर हिरवं गवत उपटलं आणि तुंब्याच्या तोंडाशी धरलं. गवत हाती घेतलेल्या माणसावर काठी चालवायची नसते.

काठी हळूच खाली आली.

“आणि आम्ही काय प्यायचं?”

“कोरा चहा,” ती हलकेच म्हणाली, आणि एक थेंब सांडू न देता पत्र्याच्या गोठ्यातल्या त्याच्या वासराकडे चालू लागली.